हरीण, लक्ष्य आणि दमदमची गोळी

ब्रिटनमध्ये हरणाच्या शिकारीसाठी रायफल घ्यायची म्हटली की चर्चा कॅलिबरपाशी, म्हणजे गोळीच्या जाडीपाशी, सुरू होते आणि तिथेच अडकते. माझ्या मते आधी गोळीचा विचार व्हावा. त्या विचाराची मुळं थेट कलकत्त्याजवळच्या दमदमपर्यंत जातात.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी बंदुकीची बिनधुराची दारू तयार केली. काळ्या दारूपेक्षा तिचा जोर इतका जास्त, की गोळी बारीक करूनही वेग वाढला. त्या वेगात नुसतं मऊ शिसं टिकेना, म्हणून त्यावर कठीण धातूचं कवच चढलं. ब्रिटिश सैन्याची ०.३०३ इंची गोळी अशीच कवचाची. ती आरपार जाते पण समोरचा माणूस थांबत नाही, अशी तक्रार हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरून येऊ लागली. तेव्हा दमदमच्या शस्त्रकारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी काढली. लागताच ती पसरायची. १८९९ च्या हेग घोषणापत्राने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या.

हरणासाठी मात्र कायदा तीच गोळी मागतो. इंग्लंड-वेल्सच्या १९६३ च्या कायद्याने किमान ०.२४० इंच कॅलिबर, नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पाउंड ऊर्जा आणि मऊ किंवा पोकळ टोकाची गोळी अशा अटी घातल्या. हे योग्यच आहे. आरपार गेलेल्या बारीक छिद्राने जनावर तासन्‌तास तडफडतं. पसरलेली गोळी त्याला लवकर पाडते. १९५५ चं ०.२४३ विंचेस्टर हे काडतूस या मर्यादेच्या जेमतेम वर बसते.

लक्ष्यवेधाचा रस्ता निराळा. १८६० मध्ये विम्बल्डनच्या रायफल स्पर्धांत राणी व्हिक्टोरियाने ४०० यार्डांवर व्हिटवर्थ रायफलीने पहिली गोळी झाडली. १८९० पासून या स्पर्धा इंग्लंडमधल्याच बिस्लीला होतात. काडतूस बहुधा सैन्याचंच: आधी ०.३०३, मग ७.६२ मिमी नाटो. कागदावर गोळी पसरायची गरज नसते. तिने वाऱ्यात कमी भरकटावं, एवढंच पुरे. लांबट, निमुळत्या ६.५ मिमी गोळ्या इथे सरस ठरतात. १८९४ चं स्वीडिश ६.५×५५ आणि २००७ चं ६.५ क्रीडमूर ही दोन्ही काडतुसं याच वळणाची, आणि आज दोन्ही हरणांवरही चालतात. मात्र स्पर्धेच्या गोळीच्या टोकाला दिसणारं भोक बनवण्याच्या पद्धतीमुळे उरलेलं असतं, पसरण्यासाठी ठेवलेलं नसतं. ते बघून ती गोळी हरणावर वापरणं मला अक्षम्य वाटतं.

आता शिसंच जाऊन त्याच्या जागी तांबं येऊ लागलं आहे. तांबं हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणूनच स्कॉटलंडने २०२३ मध्ये मोठ्या हरणांसाठी गोळीचं किमान वजन १०० ग्रेनवरून (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं एकक) ८० वर आणलं. नळीतल्या आट्यांचा पीळ कमी असेल तर लांब गोळी हवेत स्थिर राहत नाही, तेव्हा जुनी ०.२४३ असेल त्याने तांब्याची गोळी आधी कागदावर मारून पाहावी.