वज्रासन: नाव एक, बैठका वेगळ्या

योगवर्गात 'वज्रासन' म्हटले की सगळे गुडघे दुमडतात, टाचा नितंबांच्या दोन बाजूंना येतात आणि पाठ ताठ होते. हीच बैठक मनात ठेवून ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचायला घेतला, तर वाचक अडतो. कारण शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, ज्ञानदेवांनी सांगितलेले वज्रासन हे नव्हे.

त्यांचे वर्णन बोटांच्या मापाने केलेले आहे. गुद आणि जननेंद्रिय यांच्या मधली जागा, म्हणजे शिवण, चार अंगुळे धरायची. दोन्ही टोकांकडून दीड-दीड अंगुळ सोडले की मध्ये एक अंगुळ उरते. नेमके तिथे टाचेच्या मागच्या भागाने दाबायचे. त्यानंतर ते स्पष्टच म्हणतात, 'अर्जुना हें जाण । मूळबंधाचें लक्षण । वज्रासन गौण । नाम यासी ॥' मुख्य गोष्ट मूळबंध, म्हणजे टाचेचा हा दाब. वज्रासन हे तिचे दुसरे नाव. या दाबाने खालची वाट बंद होते आणि अपान, म्हणजे शरीरात खाली जाणारा वायू, आत वळतो. गुडघे दुमडून बसल्यावर टाचा बाजूला राहतात, मग दाब पडणार कुठून?

सुमारे 15व्या शतकातल्या हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथातही असेच आहे. एकाच बैठकीला कोणी सिद्धासन म्हणतात, कोणी वज्रासन, कोणी मुक्तासन, तर कोणी गुप्तासन, असे ग्रंथकार स्वात्माराम नोंदवतात. त्यावरच्या 'ज्योत्स्ना' टीकेत ब्रह्मानंदांनी बारीक फरक केला. डावी टाच शिवणीला आणि उजवी जननेंद्रियाच्या वर असेल तर सिद्धासन. पायांची अदलाबदल केली की वज्रासन.

मग आजची बैठक आली कुठून? घेरंडसंहिता या नंतरच्या योगग्रंथातल्या 32 आसनांत सिद्ध, मुक्त, वज्र आणि गुप्त ही चारही नावे वेगवेगळ्या आसनांची झाली. तिथले वज्रासन म्हणजे मांड्या-पोटऱ्या वज्रासारख्या घट्ट करून दोन्ही पावले गुदाच्या बाजूंना ठेवणे. आजच्या वर्गातल्या बैठकीला हे वर्णन बरेच जवळचे आहे. बोधगयेला बोधिवृक्षाखालच्या शिलेलाही वज्रासन म्हणतात, पण तिथे 'आसन' म्हणजे बसण्याची जागा. 'आस्' म्हणजे बसणे, या धातूपासून आलेल्या शब्दात हे दोन्ही अर्थ मुळातच आहेत.

ओवीतली बैठक करून पाहायची असेल तर सिद्धासनच घ्यावे. नेहमीची चूक अशी की टाच फार मागे जाते आणि दाब गुदावर येतो. सगळे वजन टाचेवर टाकले तर पायाला मुंग्या येतात. गुडघे जमिनीला टेकत नसतील तर बुडाखाली घडी घातलेली चादर घ्यावी, म्हणजे वजन बैठकीच्या हाडांवर जाते आणि टाचेला फक्त नेमका दाब उरतो.