तापलेली गच्ची आणि जानेवारीतला युरोप
मे महिन्यात मंडईत हमखास कानावर येतं, "एवढं तापलंय, यंदा पाऊस दणकून पडणार!" बोलणाऱ्याच्या आवाजातली आस खरी असते, त्यामुळे खोडून काढायला मन धजत नाही. पण यात दोन निराळी तापमानं एकमेकांत मिसळतात.

एक आपल्या पायाखालचं. गच्चीवर कुरडया घालताना तळवे भाजतात, तीन-चारच्या सुमारास आभाळ काळवंडतं, धुळीचा लोट उठतो आणि वाळवण आवरेपर्यंत टपोरे थेंब पडायला लागतात. हा वळीव. जमीन तापली, दमट हवा वर चढली, ढग कोसळला. या उष्म्यावरून संध्याकाळचा अदमास बांधता येतो, जून ते सप्टेंबरचा नाही.

दुसरं, हंगामाच्या अंदाजात धरलेलं तापमान. ते बहुधा दूरचं आणि काही महिने आधीचं असतं. पुण्यात शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसमधून, म्हणजे हवामान विभागातून, २००७ पासून पावसाच्या अंदाजासाठी वापरलेल्या गणिती मॉडेलमध्ये वायव्य युरोपच्या जमिनीवरचं जानेवारीतलं तापमान होतं! तिथला जानेवारी उबदार, तर इथला पाऊस बरा, असं जुन्या नोंदींत आढळलं होतं. दूरच्या घटकांवरून पाऊस ताडण्याचा विचार त्याहून जुना आहे. हिमालयात बर्फ जास्त साचलं, तर उन्हाची ऊब ते वितळवण्यातच खर्च होते आणि जमीन उशिरा तापते, हे धरून हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८० च्या दशकातच अंदाज बांधले. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांच्या सोळा घटकांच्या मॉडेलमध्ये आपल्याकडचं तापमानही होतं, पण तेसुद्धा उत्तर भारतासारख्या मोठ्या टापूचं आणि किमान. दुपारच्या चटक्याचा तिथे संबंध नाही.

असे संबंध कायम टिकत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २००२ साली गोवारीकरांच्या मॉडेलनं सरासरीइतका पाऊस सांगितला आणि देशात १९ टक्के तूट आली. शेतकऱ्याच्या घरात या आकड्याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको. पुढच्याच वर्षी मॉडेल बदललं. आता मुख्य भर समुद्र आणि वातावरण एकत्र मांडणाऱ्या अनेक मॉडेलांवर असतो.

शिवाय कार्यकारण उलटंही असतं. जुलैत पुण्याचा कमाल पारा २८ अंशांच्या आसपास असतो, तरी पाऊस ऐन भरात येतो. त्याच जुलैत पावसानं ओढ दिली, की ढग विरतात, ऊन थेट पडतं आणि रान तापतं. तेव्हाचा उकाडा पाऊस आणणारा नसतो. पाऊस नाही म्हणून तो असतो.