गुन्हेगारीविषयक इंग्रजी शब्दांतील उपसर्ग

उपसर्ग जोडून गुन्ह्यांसाठी शब्द घडवण्याची रीत इंग्रजीत जुनी आहे आणि आजही चालू आहे. जुने उपसर्ग कृत्याला दोष चिकटवतात. नवे बहुधा गुन्ह्याचे साधन किंवा क्षेत्र सांगतात.

नकारार्थी उपसर्ग कोणता लागणार, हे पुष्कळदा शब्दाच्या कुळावर ठरते. 'लॉ' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, म्हणून त्याला जर्मानिक 'अन' लागून 'अनलॉफुल' होते. 'लीगल' लॅटिन कुळातला. त्याच्यामागे लॅटिन 'इन' येतो आणि पुढच्या 'ल'मुळे त्याचा 'इल' होऊन 'इल्लीगल' बनते. मराठीत 'अपराध'मधला 'अप' संस्कृत आणि 'बेकायदा'मधला 'बे' फारसी, त्यातलाच हा प्रकार.

'मिस' म्हणजे चुकीचे, वाईट. 'मिसकंडक्ट' म्हणजे गैरवर्तन. 'मिसडिमीनर'चाही शब्दशः अर्थ तोच, पण कायद्यात तो 'फेलनी'हून, म्हणजे गंभीर गुन्ह्याहून, सौम्य गुन्हा ठरला.

सर्वांत फसवा उपसर्ग 'डी'. 'डीक्रिमिनलाइज' म्हणजे कृत्यावरचा गुन्ह्याचा शिक्का काढणे. तरीही ते पूर्ण कायदेशीर होतेच असे नाही, दंड शिल्लक राहू शकतो. त्याच न्यायाने 'डिफ्रॉड' म्हणजे फसवणूक दूर करणे, असे कोणी समजले तर फसलेच! तिथला 'डी' लॅटिन क्रियापदाबरोबरच आलेला आहे आणि अर्थ फसवणे असाच आहे.

उपसर्गांची रासही रचता येते. अमेरिकेतील वॉटरगेट प्रकरणात १९७४ मध्ये ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना 'अनइंडायटेड को-कॉन्स्पिरेटर' म्हटले: कटात सहभागी, पण आरोप न ठेवलेला.

नव्या घटकांत 'सायबर' आघाडीवर आहे. नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये रूढ केलेल्या 'सायबरनेटिक्स'चा हा तुकडा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आता 'सायबरक्राइम', 'सायबरस्टॉकिंग' अशा शब्दांत सुकाणूचा मागमूस उरलेला नाही. 'नार्को'चे मूळ ग्रीकमध्ये बधिरता. पेरूचे राष्ट्राध्यक्ष बेलाउंदे यांनी १९८३ मध्ये 'नार्कोटेररिझम' (अमली पदार्थांच्या व्यापाराशी जोडलेला दहशतवाद) हा शब्द वापरला. काटेकोर व्याकरणकार अशा घटकांना उपसर्ग न म्हणता संयोगी रूपे म्हणतात, पण वापरणाऱ्याला त्याने फरक पडत नाही.

व्हिएतनाममधील तणनाशक फवारणीच्या संदर्भात वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर गॅल्स्टन यांनी १९७० मध्ये 'इकोसाइड' (पर्यावरणाचा संहार) हा शब्द मांडला. शब्द रुळला, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अधिकारातील चार मूळ गुन्ह्यांत मात्र त्याचा समावेश नाही.