दहा सेकंदांची मेमरी, चार ट्रॅकची कॅसेट

हिप-हॉपच्या अंडरग्राउंड बीट्सचा, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या तालरचनांचा, इतिहास सांगताना नायकाचा मान बहुतेक वेळा सॅम्पलरला, म्हणजे रेकॉर्डवरचा तुकडा साठवून हवा तसा पुन्हा वाजवणाऱ्या यंत्राला, दिला जातो. ते चूक नसले तरी अपुरे आहे. १९८७ साली बाजारात आलेल्या ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० या सॅम्पलरची किंमत २,९९५ डॉलर होती, आणि पुढच्याच वर्षी आलेले अकाई कंपनीचे एमपीसी-६० हे तशाच प्रकारचे यंत्र पाच हजार डॉलरच्या घरात होते. न्यूयॉर्कच्या सरकारी गृहसंकुलांत राहणाऱ्या तरुणांना असे यंत्र स्वतःच्या खोलीत आणून ठेवणे सहसा परवडणारे नव्हते. ज्याला खऱ्या अर्थाने घरगुती म्हणता येईल असे यंत्र कॅसेटचे होते, आणि या संगीताचा घरातला इतिहास तिथूनच सुरू होतो.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत झालेली डीजे कूल हर्कची पार्टी हिप-हॉपचा आरंभ मानली जाते. गाणे थांबून केवळ ड्रम वाजत राहतात तो तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर (रेकॉर्ड प्लेअरांवर) ठेवून हवा तितका लांबवायचा, ही पद्धत हर्कने रूढ केली. दोन टर्नटेबले आणि मिक्सर ज्यांच्याकडे नव्हते, त्यांनी हेच काम कॅसेट डेकच्या पॉज बटणावर भागवले. ब्रेक टेपवर उतरवायचा, तो संपताक्षणी पॉज दाबायचा, सुई पुन्हा तुकड्याच्या आरंभाशी आणायची आणि नेमक्या ठोक्यावर पॉज सोडायचा. असे कितीतरी वेळा केल्यावर काही मिनिटांचा सलग ताल हाती लागे. न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात वाढलेला रॅपर क्यू-टिप याने आरंभीचे बीट्स अशाच ‘पॉज टेप’वर केले. हात क्षणभर चुकला की लय अडखळे आणि सारे पुन्हा करावे लागे, त्यामुळे कान आणि हात दोन्ही तयार होत. पुढे सॅम्पलर हाती आल्यावर लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, कुठे तोडायचा हे या मुलांना वेगळे शिकावे लागले नसावे, असे मला वाटते.

दरम्यान १९७९ साली टीॲक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर, नोंदवणारे कॅसेट यंत्र आणले होते. साध्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक हे यंत्र एकाच दिशेने वापरत असे, आणि आवाजाचा दर्जा राखण्यासाठी टेप दुप्पट वेगाने फिरवत असे. साहजिकच साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधराच मिनिटे मावत. तीन ट्रॅक भरले की त्यांचे मिश्रण चौथ्यावर उतरवून ते तीन मोकळे करता येत, मात्र अशा प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढे आणि वरच्या पट्टीतील तजेला कमी होई. याही यंत्राला हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत होते, पण स्वस्ताई लवकर आली. १९८३ सालचा, याच जातीचा फॉस्टेक्स एक्स-१५ पाचशे डॉलरच्या आत मिळत होता आणि बॅटरीवरही चालत होता.

सॅम्पलरची अडचण केवळ किमतीची नव्हती. एसपी-१२०० मध्ये एकूण दहा सेकंदांची मेमरी होती आणि एका सलग नमुन्याला (सॅम्पलला) अडीच सेकंदांची मर्यादा होती. मिनिटाला ९६ ठोके या लयीत चार ठोक्यांचे एक आवर्तन बरोबर अडीच सेकंदांचे होते. लय त्याहून संथ असेल तर एक आवर्तनसुद्धा पुरते मावत नसे. यावर तोड निघाली ती अशी, की ३३ आरपीएमची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने वाजवून घ्यायची आणि यंत्रात तिचा स्वर पुन्हा खाली उतरवायचा, म्हणजे अडीच सेकंदांच्या जागेत सुमारे ३.४ सेकंदांचे संगीत बसते. यंत्र मुळात १२ बिट आणि २६.०४ किलोहर्ट्झवर चालणारे, म्हणजे आवाज तुलनेने कमी तपशिलात साठवणारे, त्यात हा स्वरबदल, शिवाय आठांपैकी दोन आउटपुटांवर आवाजाची कर्कश कड गाळणारा फिल्टरच नाही. या सगळ्यामुळे आवाजाला जी दाणेदार, किंचित फाटलेली कड येई, तीच पुढे शैलीची ओळख ठरली. ती कोणी ठरवून घडवली नव्हती. जागा वाचवण्याचा तो एक दुष्परिणाम होता.

जागा वाचवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे संपूर्ण ब्रेकऐवजी सुटा ठोका घेणे. १९८० च्या दशकाच्या मध्यास मार्ली मार्ल हा निर्माता दुसरेच काही सॅम्पल करत असताना त्याच्या हाती रेकॉर्डवरच्या स्नेअर ड्रमचा एक ठोका लागला, आणि जुन्या वादकाचा ठोका घेऊन स्वतःचा ताल रचता येतो हे त्याच्या ध्यानात आले. हाच मार्ली मार्ल १९८४ साली क्वीन्समधल्या क्वीन्सब्रिज या गृहसंकुलातील घरातच रोक्सॅन शांते या चौदा वर्षांच्या मुलीचे गाणे ध्वनिमुद्रित करत होता. महागडी यंत्रे अशा मोजक्या घरांत असत आणि विद्या ओळखीतून पसरे. निर्माता लार्ज प्रोफेसर हा पॉल सी. या ध्वनिमुद्रकाकडून एसपी-१२०० शिकला. डेट्रॉइटमध्ये संगीतकार ॲम्प फिडलरने शेजारच्या जे डिला या पुढे निर्माता म्हणून गाजलेल्या तरुणाला एमपीसी हाताळायला दिले. पुढे डिला ज्यावर काम करी ते एमपीसी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

१९९१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीच्या विनापरवाना सॅम्पलविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी घेणे मोठ्या कंपन्यांना भाग पडले आणि अनेक तुकडे रचून बीट बांधणे त्यांना महाग पडू लागले. हाताने प्रती काढून विकल्या जाणाऱ्या कॅसेटी मात्र सहसा कोणाच्या नजरेत भरत नव्हत्या. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मेम्फिस शहरात डीजे स्पॅनिश फ्लाय, डीजे स्क्वीकी, डीजे पॉल, ज्युसी जे यांनी त्याच काळात घरगुती सामग्रीवर केलेल्या टेप्स याच वाटेने फिरल्या. प्रतीवरून प्रत काढताना दाटत गेलेला त्यांचा धूसर, अंधारा आवाज दोन दशकांनंतर ‘फाँक’ (phonk; फंक नव्हे) या शैलीने जसाच्या तसा उचलला.

सॅम्पल करणाऱ्यांचा हात आपल्याकडच्या रेकॉर्डांपर्यंतही पोहोचला. बप्पी लाहिरी यांनी संगीतबद्ध केलेल्या १९८१ सालच्या गाण्यातील लता मंगेशकरांचा आवाज डीजे क्विक या अमेरिकन निर्मात्याने २००२ मध्ये एका अमेरिकन गाण्यात वापरला, आणि श्रेय न दिल्यावरून प्रकरण तिथल्या न्यायालयात गेले. मॅडलिब या अमेरिकन निर्मात्याने २००७ साली हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर आख्खा संग्रह काढला. तोच मॅडलिब त्याआधी ब्राझीलमधील हॉटेलच्या खोलीत बॉसचा छोटा एसपी-३०३ सॅम्पलर, टर्नटेबल आणि टेप डेक एवढ्यावर बीट्स रचत बसला होता. मुंबईत कुर्ल्याच्या रॅपर नेझीने २०१४ च्या सुमारास आपले पहिले गाजलेले गाणे आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले, आणि त्याच्यासारख्यांना चार ट्रॅकच्या कॅसेटची गरज कधी पडलीच नाही.

एसपी-१२०० चे मूळ रचनाकार डेव्ह रॉसम यांनी २०२१ मध्ये ते यंत्र पुन्हा बाजारात आणले तेव्हाही त्याची किंमत चार हजार डॉलरच्या आसपासच होती. तो आवाज हवा असणारे बहुसंख्य आज संगणकावरील सॉफ्टवेअरने १२ बिटांचा खरखरीतपणा आणि टेपची सळसळ वेगळी भरतात.