कंबरदुखी (विदर्भातील शेतकाम)

बरगड्यांच्या खालून नितंबांपर्यंतच्या भागातले दुखणे म्हणजे कंबरदुखी. अचानक कळ उठली की चमक निघाली किंवा उसण भरली म्हणतात. 2020 मध्ये जगात सुमारे 61.9 कोटी लोकांना कंबरदुखी होती.

विदर्भात निंदण, कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी आणि पूर्वेकडे भंडारा-गोंदियात धानाची रोवणी ही सगळी कामे वाकून होतात, आणि त्यांतली बरीचशी बायाच करतात. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू सैल पडतात, भार अस्थिबंधांवर (हाडे जोडणाऱ्या पट्ट्यांवर) जातो. तासन्‌तास तसेच राहिले की अस्थिबंध ताणून सैलावतात आणि सरळ झाल्यावरही लगेच पूर्ववत होत नाहीत. अशा वेळी एकदम गोणी उचलली की चमक निघते. म्हणून वाकण्याचे काम संपल्यावर दोन-चार मिनिटे उभे राहून, थोडे चालून मगच ओझ्याला हात घालावा. ओळीच्या टोकाला पोचल्यावर कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागे झुकावे. वेचणीची ओटी (वेचलेला कापूस टाकायची कमरेला बांधलेली झोळी) पोटासमोर लोंबते, त्यामुळे ती गच्च भरेपर्यंत थांबू नये. 16 लिटरचा फवारणी पंप भरला की पाणीच 16 किलो होते. तो जमिनीवरून न उचलता बांधावर किंवा ओट्यावर ठेवून पट्टे खांद्यात घालावेत. युरियाची गोणी 45 किलोची असते. ती दोघांनी, अंगाशी धरूनच उचलावी.

एक्स-रे किंवा एमआरआयमधली ‘मणक्यांची झीज’ पाहून काम सोडण्याची घाई करू नये. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या सुमारे 37 टक्के लोकांतही चकतीची (दोन मणक्यांमधल्या गादीची) झीज दिसते, ऐंशीत 96 टक्क्यांत. डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे सुचवले. कमरेचा पट्टा, वजन लावून ओढणे आणि अफूवर्गीय गोळ्या नेहमीच्या उपचारात देऊ नयेत, असे सांगितले. खाटेवर पडून राहण्याने स्नायू आणखी कमजोर होतात. ऑस्ट्रेलियातील 701 जणांवरच्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, चालणे टप्प्याटप्प्याने वाढवणाऱ्या आणि मार्गदर्शन मिळालेल्या गटात बरे झालेले दुखणे परत यायला मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) 208 दिवस लागले, इतरांत 112. चालणाऱ्या गटाचे लक्ष्य आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास होते. डोक्यावर भारा घेऊन वावरातून येणे म्हणजे हे चालणे नव्हे.

उसण भरल्यावर पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाचा पाय लावून घेण्याची रीत आहे. नुसत्या स्पर्शाने बिघडत नाही. मात्र लाथ मारणे, पाठीवर उभे राहणे म्हाताऱ्यांच्या ठिसूळ मणक्याला मोडू शकते.

लघवी अडणे, मांड्यांच्या आतला भाग बधिर होणे, पायातली शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे. संध्याकाळचा ताप, वजन घटणे आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.