वाटीतली हवा

मागच्या दिवाळीत माझ्या नानकटाईचं पार वाटोळं झालं. रेसिपीत एक वाटी पिठीसाखर होती, घरातली संपलेली, मग मी काय केलं तर एक वाटी साधी साखर मोजली, मिक्सरला फिरवली आणि सगळी ओतली, म्हटलं साखर ती साखरच. ओव्हनमध्ये सगळ्या नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या, वर गोडमिट्ट.

नंतर वजनकाटा घेऊन बसले. २४० मिलीच्या कपात दाणेदार साखर भरते साधारण २०० ग्रॅम. तीच दळली की एक कप भरून वर जवळजवळ पाऊण कप उरते! म्हणजे पिठीसाखरेचा कप १२० ग्रॅमच्या आसपास. वजन तेवढंच, जागा मात्र दीडपटीहून जास्त, मग ही जास्तीची जागा कुणाची? हवेची. साखरेच्या स्फटिकाची घनता मिलीमागे १.५९ ग्रॅम आहे, म्हणजे फट न ठेवता कप ठासून भरता आला असता तर त्यात ३८० ग्रॅम साखर मावली असती. प्रत्यक्षात २०० मावते, म्हणजे आपण अर्धा कप हवाच मोजत असतो, आणि पिठीसाखरेत तर दोन तृतीयांश. मोठा दाणा स्वतःच्या वजनाने घरंगळून फटीत जाऊन बसतो. बारीक कणाला वजनच इतकं कमी की शेजारच्याशी असलेली चिकट ओढ त्यावर मात करते, मग कण अधांतरी कमानी करून राहतात आणि खाली पोकळ्या.

मैद्याचं तर विचारूच नका. चाळून चमच्याने हलका भरला तर कप १२० ग्रॅमचा, आणि डब्यात कप खुपसून काढला तर १४५ पर्यंत जातो. तीन कपांचा केक असेल तर ७५ ग्रॅम मैदा जास्त, मग केक दगड झाला की दोष बिचाऱ्या बेकिंग पावडरला.

पातळ पदार्थात ही हवेची भानगड नाही, पण मिली म्हणजेच ग्रॅम हे पाण्याचंच खरं, दुधाचं जवळपास. तेलाची एक लिटरची पिशवी उलटून बघा, वजन ९१० ग्रॅमच्या आसपास छापलेलं असतं. मधाचा कप मात्र ३४० ग्रॅमचा. त्यात कपही एकसारखे नाहीत, अमेरिकन २३७ मिली, मेट्रिक २५०, आणि राइस कुकरसोबत येतो तो जपानी मापाचा १८० मिलीचा, तो चुकूनही केकला वापरू नका.

मग आपल्या आज्या आमटीच्या वाटीने आयुष्यभर कसं निभावून न्यायच्या? कारण त्या प्रमाण मोजायच्या. इडलीला तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीद डाळ, वाटी कुठलीही घ्या, फक्त सगळ्याला तीच घ्या. घोळ होतो तो वाटीच्या रेसिपीत मध्येच २०० ग्रॅम बटर आलं की. पायली, अधोली, चिपटं ही जुनी मापंसुद्धा आकारमानाचीच, म्हणून तर धान्य मोजताना आधी विचारायचे, सपाट की शीग लावून?

मी आता आमच्या वाटीने एकेक जिन्नस भरून वजन केलंय आणि यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीये. बेसनापुढे मात्र दोन आकडे आहेत, एक माझा आणि एक आईचा, कारण ती वाटी ओट्यावर आपटून आपटून भरते.