गाडी बदलायची की आहे तिच्यातच भर घालायची?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात हल्ली एक प्रश्न सतत येतो: "नव्या गाड्यांत अ‍ॅडास असतं, ते आमच्या गाडीत बसवून मिळेल का?" अ‍ॅडास म्हणजे चालवणाऱ्याला इशारा देणारी किंवा वेळप्रसंगी स्वतः ब्रेक-स्टिअरिंग हाताळणारी मदतीची यंत्रणा. उत्तर आधीच देतो. जे फक्त दाखवतं किंवा बीप वाजवतं, ते जुन्या गाडीत बसतं. जे स्वतः ब्रेक मारतं किंवा स्टिअरिंग वळवतं, ते कंपनीतूनच आलेलं हवं. काचेमागचा कॅमेरा, बंपरमधला रडार, ब्रेक आणि स्टिअरिंग हे सगळं गाडी बनतानाच एकमेकांशी जोडलेलं असतं. म्हणून कोणी 'अ‍ॅडास किट' लावून देतो म्हणाला, तर ब्रेक कोण मारणार ते विचारून घ्या.

आहे त्या गाडीत काय बसेल?

सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये खांबांमधून रोज गाडी काढावी लागत असेल, तर गाडीच्या चारही बाजू स्क्रीनवर दाखवणाऱ्या 360 कॅमेऱ्याचे पैसे वसूल होतात. मात्र तो लावणं हे अर्धंच काम. गाडीभोवती काळ्यापांढऱ्या चौकटींच्या चटया अंथरून चारही कॅमेऱ्यांचं चित्र जुळवावं लागतं. ते घाईत उरकलं, की नेमका बंपरच्या कोपऱ्याजवळ, दोन चित्रांच्या सांध्यात, खांब अर्धा गायब होतो. काम कुठेही करा, गाडी ताब्यात घेण्याआधी कोपऱ्यावर एक बादली ठेवून स्क्रीनवर पाहा. वायर कापून जोड देऊ नका, वायर न कापता जोडणारा कपलरच मागा, नाहीतर वॉरंटीचा वाद होतो.

टायरचा दाब दाखवणारं टीपीएमएस स्वस्त आहे आणि एक्सप्रेसवेवर वारंवार जाणाऱ्यांनी ते लावावंच. काचेवर वेग दाखवणारा सुटा एचयूडी मात्र आम्ही सुचवत नाही. उन्हात आकडा फिका पडतो, रात्री दुहेरी दिसतो आणि पोलराइज्ड गॉगल घातला तर बऱ्याचदा दिसतच नाही.

1 जुलै 2019 नंतर बनलेल्या गाडीत 80 आणि 120 च्या वेगाचा इशारा, सीटबेल्टची आठवण आणि मागचे पार्किंग सेन्सर नियमानुसार असतातच. त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

नवीच घ्यायची असेल तर

शोरूममध्ये मोठी स्क्रीन बघण्याआधी सीट आणि स्टिअरिंग तुमच्या उंचीला जुळवा आणि वेगाचा आकडा स्टिअरिंगच्या कड्याआड जात नाही ना ते पाहा. मग रस्त्यावरून नजर न हटवता एसीचा पंखा कमी करून बघा. तीन वेळा स्क्रीन चाचपावी लागली, तर रोज लागणार आहे.

टेस्ट ड्राइव्ह दोन रस्त्यांवर मागा. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर पट्टे ठळक दिसतात, तिथे लेन सांभाळणारी यंत्रणा छान वाटते. तीच गाडी घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते कासारवडवली गर्दीच्या वेळी चालवा. मेट्रोचे बॅरिकेड, पुसट पट्टे, डावीकडून घुसणारी रिक्षा. इथे गाडी किती वेळा उगाच ब्रेक मारते आणि मागचा दुचाकीवाला किती जवळ असतो, हे अनुभवूनच ठरवा. बऱ्याच गाड्यांत लेनची मदत साधारण 60 च्या वरच सुरू होते. अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ कंट्रोल, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणारी यंत्रणा, पुढची गाडी थांबल्यावर आपली गाडीही थांबवतो की मध्येच सुटतो, हे प्रत्येक व्हेरियंटला वेगळं असतं, सेल्समनकडून लेखी घ्या.

रोज ठाण्यातल्या ठाण्यात फिरणाऱ्याला आमच्या मते ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या वाहनाचा, इशारा आणि रिव्हर्स घेताना आडव्या येणाऱ्या वाहनाचा इशारा जास्त कामाचा. अटल सेतू किंवा पुण्याची नेहमीची फेरी असेल, तर आपोआप लागणारा ब्रेक आणि अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ असलेला व्हेरियंट जरूर घ्या. सनरूफसाठी ते सोडू नका. मात्र लेव्हल 2 असली, म्हणजे वेग आणि स्टिअरिंग दोन्हींत गाडी मदत करत असली, तरी गाडी तुम्हीच चालवत असता. मुसळधार पावसात कॅमेऱ्याला आणि चिखलाने माखलेल्या रडारला नीट दिसत नाही.

खर्चाची एक बाजू शोरूममध्ये सहसा कोणी सांगत नाही. पुढची काच बदलली की तिच्यामागचा अ‍ॅडासचा कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा, म्हणजे नेमका जुळवून घ्यावा लागतो, म्हणून इन्शुरन्समध्ये तो खर्च धरलाय का ते विचारा. अशा गाडीला बंपर गार्ड आम्ही लावत नाही. त्यावर डिसेंबर 2017 पासून बंदी आहे आणि तो रडारच्या आड येतो.

बुकिंगची रक्कम भरण्याआधी या. सध्याच्या गाडीचं आरसी आणि नव्या गाडीच्या व्हेरियंटची यादी सोबत आणा. रविवारी गर्दी असते, मधल्या वारी दुपारी निवांत बसून बोलता येईल. या सल्ल्याचे पैसे घेत नाही.